शेवंतीची कोरी पाकळी

भूत, भानामती, अंगात येणं... यांतल्या कशावरही माझा विश्वास नव्हता आणि हे लिहितानाही नाही. आपल्या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि बहुतेकांना मनातल्या मनात साधं कारण शोधून ठेवते. कुणाला ताप होता, कुणी घाबरलेलं होतं, कुणी अंधारात झाड पाहिलं. माझ्या बाबतीत जे झालं ते भर दिवसा झालं, माझ्याच अंगावर झालं, आणि त्याचं कारण शोधून शोधून मी आता दमले आहे. म्हणून लिहिते. नाव छापू नये, एवढी विनंती.

माझं माहेर लोणावळ्याचं. वडील रेल्वेच्या ऑफिसात होते. त्यांच्या हौसेमुळे मी इंग्रजी शाळेत शिकले. वडील गेले तेव्हा माझं लग्नाचं वय निघून चाललंय, असं सगळे म्हणत होते. काकांनी एक बिजवर पाहिला आणि मी हो म्हटलं. हे लोणावळा स्टेशनावर बुकिंग क्लार्क. घर टाकवे बुद्रुकला. घरी शेती, सासूबाई — त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो — आणि पहिल्या बायकोची चार वर्षांची मुलगी, यमू. पहिली, चंद्रा, आदल्या पावसाळ्यात तापानं गेली होती. हे आठवडाभर लोणावळ्याला असत, रविवारी घरी येत. यमूला बघायला कुणीतरी हवं म्हणून मी टाकव्यालाच राहायचं ठरलं.

यमू जेवत नव्हती. रडत नव्हती, हट्ट करत नव्हती, नुसतं तोंड मिटून बसायची. दुधात कुस्करलेली भाकरी, गुळाचा खडा, मऊ भात, सगळं करून झालं. दोन घास कसेबसे जायचे, तेही आत्याबाईंनी नाक दाबल्यावर. तिचे दंड माझ्या मनगटाएवढे बारीक झाले होते. वैद्य झाला, कामशेतचा डॉक्टर झाला. तिच्या आईची आई आंबीला राहायची. तिनं निरोप धाडला होता की दिवाळीच्या आत पोर धड जेवायला लागली नाही तर मी घेऊन जाईन, तुमच्याकडे ती जगायची नाही. आत्याबाईंनी या निरोपाचा धसका घेतला होता. नात दुसऱ्याच्या दारात वाढली तर गाव काय म्हणेल, ही एक गोष्ट. पण त्यांचा जीवही होता तिच्यावर. रोज त्या तिला उचलून वजनाचा अंदाज घ्यायच्या आणि खाली ठेवायच्या.

मी दिवसभर तिच्या मागे ताट घेऊन फिरायचे. मला मुलांचा अनुभव नव्हता, आणि बोलायलाही फारसं जमत नाही. दुपारपर्यंत माझ्या पायांतलं बळ जायचं.

बिजवराशी लग्न झालेली बाई सवतीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालते, हे पुष्कळांना माहीत असेल. आमच्या घरात टाक घालत नाहीत. पहिलीच्या हातावर जे गोंदण होतं तेच दुसरीनं आपल्या हातावर गोंदून घ्यायचं, म्हणजे गेलेलीला घरात जागा मिळते, अशी रीत. लग्नाआधी मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला शाळेत गोंदण म्हणजे अडाणीपणा असं शिकवलेलं. मी यांना विचारलं. हे चपलेचा पट्टा लावत म्हणाले, आई म्हणते तसं कर. मी केलं. विरोध करायलाही अंगात काहीतरी असावं लागतं.

आठवड्याच्या बाजाराला येणारी गोंदणारीण आत्याबाईंनी घरी आणली. ओसरीवर बसून तिनं काजळीचा रंग कालवला, सुया दोऱ्यानं एकत्र बांधल्या आणि माझा डावा हात मांडीवर घेतला. काय काढायचं हे तिला आधी सांगितलेलं नव्हतं बहुतेक, कारण ती आपली सवयीनं विचारत सुटली.

"तुळस काढू का? तुळस म्हंजी सासरचं आंगण. विंचू काढला तर कुनाची दिष्ट लागत न्हाई. न्हाईतर पाळणा काढते, वर्साच्या आत हलंल."

"शेवंती काढ," आत्याबाई म्हणाल्या. "मनगटाच्या वर, आतल्या अंगाला. पाकळ्या समद्या भर. एक बी सोडू नकोस."

शेवंतीचा अर्थ काय, मी गोंदणारणीला हळूच विचारलं.

"शेवंती थंडीत फुलती, बाकीची फुलं सरल्याव. आन तोडली तरी लय दिस ऱ्हाती. मागं ऱ्हानारीचं फूल हाय त्ये."

मग चंद्रा का राहिली नाही, हे माझ्या मनात आलं.

खूप दुखलं. गोंदणारीण गाणं म्हणत होती, बहुधा दुखण्यावरून लक्ष उडावं म्हणून. मी मात्र हाताकडेच बघत बसले, नजर काढली नाही. पुढच्या गोष्टीसाठी हे महत्त्वाचं आहे. मध्ये टिंब, भोवती पाकळ्यांचं कडं — एकूण एक पाकळी तिनं माझ्यासमोर भरली. प्रत्येकीतून रक्त आलं. वर हळद चोपडली. हात सुजला, ताप आला, आणि आत्याबाई म्हणाल्या, शाळंवाल्यांची कातडी पातळ.

खपल्या पडल्या तेव्हा अंगठ्याच्या बाजूची एक पाकळी कोरी होती.

फिकट नव्हे, कोरी. तिचा आकार दोन बाजूंच्या पाकळ्यांमुळे दिसत होता, पण आत माझीच कातडी, जशी होती तशी. मला वाटलं, रंग धरला नाही, होत असेल. आत्याबाईंना दाखवलं. त्या चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी माझा हात उजेडाकडे नेला, परत सोडला, आणि तव्यावरची भाकरी जळेपर्यंत उलटायची विसरल्या. पुढच्या बाजाराला गोंदणारीण पुन्हा आली. या वेळी आत्याबाई स्वतः शेजारी बसल्या. पाकळी भरली, रक्त आलं, हळद लावली. खपली पडली... पुन्हा कोरी. गोंदणारीण म्हणाली, आता मी हात लावायची न्हाई. आणि तिनं चहाही घेतला नाही.

आत्याबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. रागानं नव्हे. घाबरल्या होत्या. कशाला, ते मला कळायला मार्ग नव्हता.

दिवाळी जवळ आली आणि आंबीची आजी खरंच आली. उंच, सडसडीत बाई, आवाज मोठा. येतानाच यमूसाठी नवं परकर-पोलकं घेऊन आली होती, म्हणजे न्यायचं पक्कं होतं. ओसरीवर बसून तिनं पाणी घेतलं आणि आत्याबाईंना म्हणाली, "विहीणबाय, पोर हाय का काटकी? हिला हितं ठिवून काय मातीत घालायची व्हय?" आत्याबाईंनी एरवी कुणाचं ऐकून घेतलं नसतं. त्या दिवशी त्या यमूचे कपडे गोळा करायला आत गेल्या. गाठोड्याची गाठ दोनदा सुटली.

निघण्याआधी पोरीच्या पोटात काहीतरी जावं, म्हणून मला सांगितलं. मी नुकतीच भांडी घासून उठले होते, बांगड्या कोपरापर्यंत सारलेल्या, एरवी त्यांच्याखाली झाकलेलं गोंदण उघडं. आशा अशी काही नव्हतीच. खरं सांगायचं तर आज दुपारी आडवं व्हायला मिळेल, हाच विचार मनात होता. वाटीत दूध-भाकरी कालवली आणि यमूपुढे बसले.

तिनं वाटीकडे बघितलं नाही. माझा डावा हात धरला, उलटा केला, आणि आपल्या बोटाचं टोक नेमकं त्या कोऱ्या पाकळीवर ठेवलं. आणि तोंड उघडलं.

मी घास दिला. तिनं खाल्ला. दुसरा दिला. तोही खाल्ला. वाटी संपेपर्यंत बोट तिथून हललं नाही.

आंबीची आजी केव्हा उठून जवळ आली, मला समजलं नाही. तिनं माझं मनगट धरलं आणि बराच वेळ बघत राहिली. मग तिचा तो मोठा आवाज पार बारीक झाला.

"ही पाकळी कुनी सोडली?"

कुणी सोडली नाही, रंग धरत नाही, असं मी सांगितलं.

"माज्या चंद्रीची बी हीच ऱ्हायली होती. ल्हान होती, दुखाया लागलं तशी हात सोडवून पळाली उसात. पुन्हा बसलीच न्हाई. ही पोर अंगावर प्याची तवा हितंच बोट ठिवायची. त्याबिगर प्यालीच न्हाई कदी."

आत्याबाई दारात गाठोडं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं. चंद्राच्या हातावरची शेवंती अर्धवट होती, हे त्यांना माहीत होतं. अंगावर अपुरं गोंदण घेऊन सासरी आली म्हणून ती टिकली नाही, अशी त्यांची समजूत. माझ्या बाबतीत तसं होऊ नये म्हणून त्यांनी मुद्दाम सगळ्या पाकळ्या भरायला लावल्या, आणि मला काही कळू दिलं नाही. "मला वाटलं, ही तरी ऱ्हावी," त्या म्हणाल्या. इतक्या महिन्यांत त्यांनी माझ्याबद्दल उच्चारलेलं तेवढंच चांगलं वाक्य.

आंबीची आजी एकटीच परत गेली. परकर-पोलकं ठेवून गेली.

रविवारी हे आले, माझा हात बघितला आणि बैलांना बघायला गोठ्यात गेले.

त्यानंतर यमू रोज जेवायला लागली, माझ्याच हातून, बोट तिथं ठेवून. दंड भरले, गालावर रंग आला. पण जेवताना ती माझ्या तोंडाकडे कधी बघत नसे. तिनं हात ओळखला होता, मला नाही. बायका म्हणायच्या, नशीबवान आहेस, सावत्र पोर एवढी लागली तुला. मी हसायचे. दिवसातून तीन वेळा आपलाच हात दुसऱ्या कुणालातरी उसना द्यायचा, याचा शीण कुणाला सांगणार?

लोणावळ्याच्या एका डॉक्टरांना मी दाखवलं. ते म्हणाले, त्या जागी जुना व्रण असेल, व्रणावर रंग बसत नाही. मला तिथं कधी भाजलं नाही, लागलं नाही. तरी धरून चालू की व्रण होता. नेमका तिथंच? मी तर चंद्राचा हात कधी पाहिलाच नव्हता. यमूनं मात्र माझा हात पाहून ओळखला असेल, तेवढं मला पटतं. बाकीचं कशात बसवायचं, ते समजत नाही.

हे सगळं एवढ्यावरच लिहून पाठवणार होते. पण आता सांगायचं ते मागच्या पंधरवड्यातलं आहे.

यमू आता सात वर्षांची आहे, शाळेत जाते, आपल्या हातानं जेवते. पण डाव्या हाताचं बोट अजून माझ्या मनगटावर असायचं, सवयीनं. एका सकाळी विहिरीवर धुणं धुताना मला त्या पाकळीत हिरवट डाग दिसला. कपड्यांची नीळ असेल म्हणून मी साबण लावून घासला. गेला नाही. चार दिवसांत पाकळी बाकीच्यांसारखी भरून आली. ना सूज, ना खपली, ना दुखणं. कुणी सुई लावलेली नाही. मी बांगड्या खाली ओढल्या. त्या दिवसांत यमू जेवताना न बघताच बोट ठेवायची.

पाचव्या दिवशी दुपारी जेवायला बसलो. यमूनं नेहमीप्रमाणे बांगड्या वर सारल्या. बोट ठेवलं, आणि या वेळी तिची नजरही तिथं गेली. थांबली. मग पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं, चांगलं बराच वेळ.

"ती गेली का?" तिनं विचारलं.

खोटं बोलायला सुचलं नाही आणि खरं काय ते मलाच कुणी सांगितलेलं नाही. आधी जेव, असं मी म्हटलं. तिनं हात काढून घेतला आणि जेवायला लागली. माझा हात तसाच तिच्या ताटाजवळ पडून राहिला. तो आता कुठे ठेवायचा, ते मला कितीतरी वेळ सुचेना.