कॉम्प्युटर कोणी जोडला?

लग्न होऊन धुळ्यात आले तेव्हा माझ्या सामानात स्क्रू ड्रायव्हरचा एक डबा होता. जळगावला मी कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स केला होता आणि त्यानंतर वर्षभर एका दुकानात कामही केलं होतं. सासरी त्याबद्दल कोणी काही विचारलं नाही. सुनेला भाकरी चांगल्या येतात, एवढं कळलं आणि चौकशी संपली.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. तयार कॉम्प्युटर आम्हाला परवडण्यासारखा नव्हता, म्हणून मी स्वतःच जोडायला घेतला. माहेरी गेले की जुन्या दुकानातून घासाघीस करून एखादा भाग घ्यायचा, टॉवेलात गुंडाळायचा आणि एसटीत मांडीवर धरून आणायचा. हार्डडिस्क वापरलेली होती, मॉनिटर धुळ्यातल्याच एका बंद पडलेल्या क्लासचा. कॅबिनेट एका अंगाने चेपलेलं होतं, ते अंग भिंतीकडे केलं. टेबल म्हणून सासूबाईंच्या बिघडलेल्या शिलाई मशीनचं टेबल घेतलं. नवऱ्याने मॉनिटर स्कूटरवरून घरी आणून दिला. त्याचा हात लागला तो तेवढाच.

स्क्रीन उजळली तेव्हा सासरे हरखून गेले. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. त्यांनी टेबल पुढच्या खोलीत, दारातूनच दिसेल असं लावायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून येईल त्याला सांगू लागले, "आमच्या पोराने घरीच बनवला."

एकदा-दोनदा वाटलं, बोलण्याच्या भरात गेलं असेल. पण शेजारी झाले, नवऱ्याच्या ऑफिसातले झाले, बँकेतले साहेब झाले, प्रत्येकाला तेच. नवरा नुसता हसायचा. मी जाब विचारला तर म्हणाला, "जाऊ दे ना. खूश होतात ते." आत चहा गाळताना मी सगळं ऐकत असे आणि अंगाचा तिळपापड होई.

मग साक्रीहून नानांचे चुलतभाऊ आले. त्यांना सगळे आबा म्हणत. नानांनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि नवऱ्याला कॉम्प्युटर चालू करायला सांगितलं. बटण दाबलं, पण स्क्रीन काळीच. आतून नुसता बीप बीप आवाज. नवऱ्याने पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. त्याचे कान लाल झाले.

त्या आवाजावरून मला कळलं, रॅम सैल झाली असणार. मी चहा घेऊन आले होते, तो ट्रे नवऱ्याच्या हातात दिला, प्लग काढला, कॅबिनेट उघडलं, रॅमची पट्टी काढून खोडरबरने पुसली आणि परत बसवली. चालू झाला.

आबा खूश होऊन नवऱ्याकडे वळले. "वा रे भो! बायकोलेबी शिकाडी दिन्हं का तू!"

नवरा ट्रे धरून उभा. नाना हसले.

"त्यांनी नाही शिकवलं, आबा," मी म्हणाले. "हा कॉम्प्युटर मी जोडलाय. अख्खा. यांना विचारा, रॅम कुठे असते ते."

कोणी विचारलं नाही. आबांनी बशीत चहा ओतला आणि पाऊसपाण्याचं काढलं.

ते गेल्यावर नवरा म्हणाला, "सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती?"

"खोटं सगळ्यांसमोरच चाललं होतं ना?"

नानांनी मला काही म्हटलं नाही, पण त्यानंतर कॉम्प्युटर कोणालाही दाखवला नाही. उलट त्यावर जुनी चादर टाकून ठेवू लागले. मुलाने बनवला तेव्हा नवलाईचा होता, सुनेने बनवला म्हटल्यावर अडगळ झाला! मी रोज ती चादर काढायचे.

काही महिन्यांनी आबांचा निरोप आला. नातवासाठी असाच स्वस्तात एक जोडून हवा होता. नानांनी निरोप माझ्यासमोरच नवऱ्याला सांगितला. या वेळी मात्र तो म्हणाला, "नाना, ते काम मला येत नाही. तिला विचारा."

मी तिथेच भाजी निवडत बसले होते. नानांनी माझ्याकडे पाहिलं, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले.

आबांनी शेवटी दुकानातून तयार कॉम्प्युटर घेतला, बराच महाग पडला म्हणे. मी आनंदाने जोडून दिला असता. नानांनी एकदा तोंड उघडून विचारायला हवं होतं, इतकंच. इतकी वर्षं झाली, पण तो चपला घालतानाचा आवाज आठवला की अजून माझं डोकं फिरतं.