बुडी मारणारं विमान

काल लिफ्टमध्ये एकाच्या शर्टाला मशीन थंड ठेवणाऱ्या तेलकट कूलंटचा वास आला आणि मला मोशीचा दत्ता आठवला.

आम्ही दोघंही चाकणला मशीनवर कामाला होतो, वेगवेगळ्या कंपन्यांत; शिफ्ट करून आलं की शर्टाला तोच वास असायचा. गुरुवारी सुट्टीला तो माझ्याकडे पिंपळे सौदागरला यायचा. आपापलं पात्र घेऊन, फासे टाकून आम्ही साहसाचा खेळ खेळायचो. त्या खेळासाठी आम्हाला कागदावर, पाण्यावर उतरणारं आणि पाण्याखाली बुडीही मारणारं विमान बनवायचं होतं. नियमांच्या पुस्तकात प्रत्येक भागाचं वजन दिलेलं होतं. उडायला ते हलकं हवं, बुडायला जड.

एकदा तो मंगळवारीच आला, अंगात कंपनीचा शर्ट. "लवकर सुटलो, राव. कामावरनंच आलो."

दोन तास तो खोडरबरानं कागद घासत होता. वजन जमलं की म्हणायचा, "अजून एक दार लागंल," की पुन्हा सगळं बिघडायचं. टेबलाखाली त्याचा पाय सारखा हलत होता. माझी सेकंड शिफ्ट होती, कंपनीची बस चुकणार म्हणून मी वैतागलो.

"दत्ता, जमलंय ना? मग ऊठ की आता!"

"व्हय, पण बुडाल्यावर माणसं भाईर कशी निघायची?"

"ते गुरुवारी बघू," म्हणत मी कुलूप हातात घेतलं.

त्याला त्या मंगळवारच्या आधीच्या शनिवारीच कामावरून काढलं होतं. घरी न सांगता तो रोज सकाळी तयार होऊन बाहेर पडत होता. हे मला महिन्यानं कळलं.

कामावरून आलेल्या त्या शर्टाला नुसता साबणाचा वास होता. तो मला आला होता, पण मी घड्याळ बघत होतो.