केरीच्या छपरावरचा ग्राउंड प्लेन

माझी शेवटची पोस्टिंग काश्मीरमध्ये होती, फौजेच्या सिग्नल्सचा हवालदार म्हणून. निवृत्त होऊन गोव्यात केरीला घरी आलो तेव्हा गावातल्या होड्यांवर छोटे रेडिओ सेट नुकतेच आले होते. किनाऱ्यावरून त्यांचं ऐकणारं कोणी नव्हतं. मी घरीच बेस स्टेशन मांडलं. छपरावर लोखंडी पाइप, त्यावर उभा अँटेना, पडवीत सेट. पहाटे होड्या निघाल्या की सेट लावायचा, शेवटची होडी वाळूला लागली की बंद करायचा.

त्यातली एक होडी लान्स नाईक वसंत तळकरची. तो इन्फंट्रीचा. आम्ही एका पोस्टवर अख्खा हिवाळा काढला होता. परतल्यावर त्याने बापाची होडी पुन्हा पाण्यात घातली.

होडी तेरेखोलची टेकडी ओलांडून गेली की आवाज तुटायचा. अँटेनाच्या बुडाशी चार आडव्या सळ्या लावल्या की सिग्नल आभाळात वाया न जाता पाण्याच्या पाठीवरून लांब जातो. यालाच ग्राउंड प्लेन म्हणतात. मी मुंबईहून किट मागवलं. आलं ते पाइपला आवळायच्या भलत्याच मापाच्या क्लॅम्पसकट. माझ्या पाइपवर तो गरागरा फिरे. दुकानदाराला फोन केला. "बदलून देतो," म्हणाला. पुन्हा केला. "पाठवलाय." पाठवला नव्हता. फौजेत क्वार्टरमास्टरला धरलं असतं, इथे कोणाला धरणार? किट खोक्यात पडून राहिलं. शेवटी म्हापशाच्या लेथवाल्याकडून नवा क्लॅम्प करून घेतला.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी तो घेऊन वर चढलो. खाऱ्या हवेने जुने बोल्ट गंजून एकजीव झाले होते. पाना घसरे, बोटं सोलत. तीन सळ्या बसल्या. चौथीचा आटा धरेना. तेवढ्यात रेडीच्या बाजूने आभाळ काळं झालं.

खालून माझी बायको सुनंदा म्हणाली, "वसंताचो आवाज येता. कायच समजना."

उतरून सेटशी बसलो. "इंजिन... पाणी..." एवढंच कळत होतं. मी उत्तर दिलं. त्याला पोचलं नाही. गावातल्या दयानंदची होडी पहाटे त्याच बाजूला गेली होती, त्यालाही हाक जाईना. मीटरची सुई लाल भागात अडकली होती, म्हणजे अर्धवट अँटेनातून सिग्नल बाहेर पडतच नव्हता.

पुन्हा शिडी लावली.

"वाऱ्यात वर चडूं नकात," सुनंदा म्हणाली.

"शिडी धर."

कानशीने आटा घासला, सळी दाबून फिरवली. बसली. खाली आलो तर सुई उतरलेली.

"वसंत, केरी बेस. लोकेशन सांग. ओव्हर."

"तेरेखोल खाडीच्या तोंडाभायर. रेडीकडे व्हांवत चललंव. इंजिन बंद. ओव्हर."

आवाज इतका स्वच्छ, की होडीवर आपटणारं पाणी ऐकू येत होतं. मी दयानंदला दिशा दिली. तो निघाला.

"दयानंद येतोय. तग धर. ओव्हर."

"होडी भरली. जाकीट एकच आसा. पांडूक घातलंय. ओव्हर."

पांडू त्याचा मेव्हणा, त्याला पोहता येत नव्हतं. यानंतर वसंतचा सेट बोलला नाही.

दयानंदने पांडूला वर ओढलं. वसंत दिसला नाही. अंधार पडेपर्यंत तो घिरट्या घालत होता. वसंत नंतर रेडीच्या वाळूत मिळाला.

लोक म्हणतात, तुमच्या रेडिओमुळे एक तरी वाचला. मी मान हलवतो. पण तो भलता क्लॅम्प डोळ्यांपुढून जात नाही. हाक थोडी आधी पोचली असती तर दयानंद थोडा आधी निघाला असता. किती आधी, हे मला कोणी सांगू शकत नाही.

दर वर्षी पेडण्यात माजी सैनिकांच्या सभेत तालुक्यातल्या शहिदांची नावं वाचतात. वसंतचं नाव त्यात येत नाही. तो मासे मारायला गेला असताना गेला. मी एकदा अर्ज करून पाहिला. नियमात बसत नाही, असं उत्तर मिळालं. तेव्हापासून वाचन संपलं की मी उभा राहतो, सावधान होतो आणि बोलतो, "लान्स नाईक वसंत तळकर, केरी." आता मला कोणी खाली बसायला सांगत नाही.