नावापुढचं टिंब

प्रज्ञाताई गेल्या, हे मला सकाळी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर कळलं. वर कुणीतरी गाडीचं वेळापत्रक टाकलेलं, त्याखाली ही एक ओळ. हृदयविकाराचा झटका. मी ती दोनदा वाचली आणि पहिला विचार आला तो असा, की आता मला ‘काहून?’ कोण विचारणार? त्याला दीड महिना झाला.

अमरावतीच्या आमच्या भाजी-फुलं उत्पादकांच्या संस्थेत मी बावीस वर्षं निरोपाची वही सांभाळली. माल उचलायला गाडी कुठे, किती वाजता येणार, हे गावोगाव फोन करून कळवायचं. मग संस्थेने ॲप करायचं ठरवलं आणि अकोल्याहून ताई आल्या, चार पोरापोरींची टीम घेऊन. त्यांचं काम झालं की माझं संपणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मी तोंडावर गोड आणि आतून जळफळत. ताई मात्र रोज टीमला घेऊन माझ्या वहीशी येऊन बसत. हा रकाना काहून, ही खाडाखोड काहून... इतकी चौकस बाई मी पाहिली नाही. एकदा त्यांनी काही नावांपुढच्या टिंबावर बोट ठेवलं.

“भाऊ, हे टिंब काहून दिलं जी?”

“असंच,” मी म्हणालो.

असंच मुळीच नव्हतं. काही बायकांच्या हाती फोन नसायचा, तो नवऱ्याबरोबर दिवसभर बाहेर. टिंब म्हणजे हिचा निरोप शेजारणीकडे द्यायचा. कुणाची शेजारीण कोण, ते मला तोंडपाठ. ॲप सुरू झालं, पहिल्याच आठवड्यात गाडीची वेळ दोन तास अलीकडे आली, मोबाईलवर मेसेज गेले... आणि अचलपूरकडच्या टिंबवाल्या बायका झेंडूच्या टोपल्या घेऊन नेहमीच्या वेळी रस्त्यावर आल्या, तेव्हा गाडी केव्हाच निघून गेली होती. फुलं उन्हात मलूल झाली. मला वाटलं होतं, आपण जिंकू. नुसती लाज वाटली.

बैठकीत संचालक टीमवर खूप तापले. ताई शांतपणे म्हणाल्या, “चूक माही हाय. मी भाऊले एकदाच इचारलं. दुसऱ्यांदा इचाराले पायजे होतं.” मग मला बसवेना. उठून सगळं सांगितलं, लपवलं होतं हेही. आता ताई फाडून खाणार, असं वाटलं, पण त्या टीमकडे वळून म्हणाल्या, “लिहून घ्या. आन् यापुढं भाऊ हो म्हणतील तवाच काही बदलाचं.” दुसऱ्या दिवशी ॲपमध्ये नावापुढे टिंब आलं आणि खाली नवा चौकोन: निरोप कोणाकडे. माझी वही गेली, काम राहिलं. ते आजही करतो आहे.

गेल्या आठवड्यात टीममधली पोरगी म्हणाली, “काका, चाचणीसाठी टाकलेली नावं काढून टाकू का?” मी म्हटलं, आधी बघू दे. पहिलंच नाव ताईंचं. नोंद त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशीची. नावापुढे टिंब. निरोप कोणाकडे, या चौकोनात माझं नाव.

ताई, तुम्ही अकोल्याच्या, मी अमरावतीचा, मी शेजारी कसा? आणि आदल्याच दिवशी मी तुम्हाला फसवल्याचं कबूल केलं होतं... मग काहून?

बाकीची नावं आम्ही काढली. हे मी काढू दिलं नाही.