चार इंचांचे बाबा

आख्ख्या ग्वाल्हेरात आलेलं काम परत पाठवून समाधान पावणारा दुकानदार एकच, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. पाटणकर बाजारात काकांचं फोटो छापून देण्याचं दुकान. गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून म्हणतं, "भाईसाहब, इसका बड़ा बना दो." काका चष्मा कपाळावर सरकवून फोटो ताणून ताणून बघतात आणि मान हलवतात. स्क्रीनवर झकास दिसणारा फोटो कागदावर तसाच उतरेल असं नाही, हे त्यांनी दारावरच्या भाजीवाल्यालाही समजावलंय. हातात धरून बघायच्या फोटोला इंचामागे तीनशे ठिपके हवेत. चौकातला बॅनर लांबून बघायचा, त्याला कमी चालतात. एका लग्नात ते स्वागताच्या बॅनरला नाक लावून उभे राहिले, तेव्हा मावशीने त्यांना दंडाला धरून जेवायला नेलं. उलट मी घरच्या ग्रुपवर कॅमेऱ्यातला भलाथोरला फोटो टाकला, तर तळहाताएवढ्या पडद्यासाठी एवढं ओझं कशाला, म्हणून लगेच फोन.

बाबा गेले. त्यांचा हसरा फोटो एकच होता, दहा जणांच्या फोनमधून फिरत आलेला. तो मला बैठकीत मोठा करून लावायचा होता. काकांनी बघितला आणि म्हणाले, "हे चार इंचांपर्यंतच नीट येतील, बेटा. त्याहून मोठे केले तर नुसते पुसट होतील." मी चिडलो, दुसऱ्या दुकानातून करून घेईन म्हणालो. त्यांनी शांतपणे विचारलं, मूळ फोटो काढला कुणी? भोपाळच्या चुलतबहिणीने, पण तिचा तो फोन केव्हाच बंद पडला होता. दुसऱ्या दिवशी काका स्वतः रेल्वेने भोपाळला गेले, फोन दुरुस्त करवला आणि मूळ फोटो पेनड्राइव्हवर घालून, शर्टाच्या आतल्या खिशात जपत घेऊन आले. इंटरनेटवर त्यांचा भरवसा नव्हता.

छापलेला फोटो आईने हातात घेतला. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "स्वेटरच्या कॉलरवरचं माझं रफू दिसतंय." त्या दिवसांत ती पहिल्यांदाच हसली. प्रत्येक फोटोवर भाषण देणारे काका पाणी प्यायच्या निमित्ताने आत निघून गेले. आभार मानायचे राहूनच गेले.

हल्ली त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय आणि ऑपरेशन ते टाळतायत. परवा दुकानात गेलो, तर कुणा नवरीचा फोटो माझ्या हातात देऊन हळूच म्हणाले, "पापण्या सुट्या सुट्या दिसतायत का, बघ जरा." मी तो दाराशी उजेडात नेला, एकेक पापणी बघितली आणि मगच हो म्हटलं.