बिनकामाच्या भेटी

सातिवलीच्या औद्योगिक पट्ट्यात असा एकही गाळा नसेल, जिथून माझ्या मोठ्या नणंदेला चहा पाजल्याशिवाय सोडतात. घरात लहानथोर सगळे तिला बाय म्हणतात, म्हणून मीही बायच म्हणते. ती एका औषधांच्या कारखान्यात खरेदी विभागात होती. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. लग्न केलं नाही, भावाच्या म्हणजे आमच्याच घरात राहते. वसईच्या होळी बाजाराजवळच्या आमच्या वाडीतली केळी आणि अळू तीच बघते, चर्चमधली रविवारची मिस्सा चुकवत नाही, आणि आठवड्यातून एकदोनदा इस्त्रीची साडी नेसून, पिशवीत केळ्यांची फणी टाकून, रिक्षानं सातिवली गाठते. तिथं तिचं काहीही काम नसतं. लग्न होऊन मी नवीन आले तेव्हाची बाय घड्याळ बघून घर सोडणारी नोकरदार बाई होती. ही फिरती बाय निवृत्तीनंतरची. एकदा मी विचारलं, एवढं ऊन, एवढी धूळ, कशासाठी जायचं? तर म्हणाली, "कशासाठी म्हणजे? माणसांना भेटायला."

तिचं भेटणंही साधं नसतं. व्हिजिटिंग कार्ड ती घेत नाही. कुणी पुढं केलंच तर उलटसुलट करून बघते आणि परत देते. म्हणते, नाव तोंडानं सांगा, मग राहील डोक्यात, कार्ड दुसऱ्या कुणाला तरी होईल. माणूस थोडा दुखावतो, पण नाव सांगतो, आणि बाय लगेच त्याचं गाव विचारते. गावावरून आई, आईवरून तिचे गुडघे, गुडघ्यांवरून तुळिंजचा एक हाडांचा डॉक्टर. दहा मिनिटांत समोरच्या माणसाला आपण कशाचे सप्लायर आहोत याचा विसर पडतो. मुंबईला यंत्रांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथंही ती जाते. लोक मोठ्या कंपन्यांच्या झगमगीत स्टॉलवर गर्दी करतात, बाय कोपऱ्यातला असा स्टॉल शोधते जिथं एक बिचारा माणूस सकाळपासून एकटा उभा आहे. त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसते आणि त्याचं यंत्र काय करतं ते शेवटपर्यंत ऐकून घेते. एकदा मी तिच्याबरोबर होते. पिठाच्या गोण्या शिवायच्या यंत्राबद्दल आम्ही इतकं ऐकलं की मला आता ते चालवता येईल. त्या माणसानं निघताना आम्हाला स्टॉलच्या दारापर्यंत पोचवलं. त्याच्या स्टॉलला दार नव्हतं, पण त्याचा आविर्भाव तसाच होता.

तिच्या एका भाच्यानं तिला नोकरीधंद्यावाल्यांच्या एका साइटवर खातं उघडून दिलं आणि मग ही वसईची बाय देशभर पसरली. तिथं एखाद्याला बढती मिळाली की खाली शेदोनशे जण एकच तयार वाक्य चिकटवून जातात. बायला ते वाक्य सापडत नाही, किंवा सापडूनही ती वापरत नाही. एका मोठ्या कंपनीचे जनरल मॅनेजर झालेल्या गृहस्थांना तिनं सगळ्यांच्या देखत लिहिलं होतं, "अभिनंदन. आता तरी डबा वेळेवर खात जा. मागच्या वेळी तीन वाजता खात होतात." भाचा शरमेनं लाल झाला. ते पुसून टाक म्हणून मागं लागला. तोवर त्या गृहस्थांचं उत्तर आलं होतं, की आजही तीनच वाजले. बाकीच्या अभिनंदनांना त्यांनी नुसता अंगठा दाखवला होता. कुणी अनोळखी माणसानं जोडून घ्यायची विनंती पाठवली, की बाय त्याला निरोप पाठवते: मला का जोडलंत, ते कळवा. बहुतेक जण कळवत नाहीत. जे कळवतात, त्यांना ती मरेपर्यंत सोडत नाही.

हे सगळं मी बरीच वर्षं गंमत म्हणून बघत होते. मग माझी नोकरी गेली. अंधेरीच्या ज्या कंपनीत मी बाटल्या, झाकणं आणि लेबलं तपासायच्या विभागात होते, ती कंपनी परराज्यात गेली आणि आम्हाला सांगितलं की यायचं असेल तर या. दोन मुली शाळेत, नवऱ्याची नोकरी इथली, कशी जाणार? पहिले काही आठवडे मला भीती वाटली नाही. त्या साइटवर माझ्या ओळखी बायच्या दसपट होत्या. एक सुबक मजकूर तयार केला, इतक्या वर्षांचा अनुभव, अमुक कौशल्यं, संधी असल्यास कळवावं, आणि तो एकेकाला पाठवत सुटले. ज्यांच्याशी कधी एक शब्द बोलले नव्हते त्यांनाही पाठवला. उत्तरं आली ती नमस्काराच्या चिन्हांची. पुढं तीही येईनात. घरात मी मुलींवर ओरडायला लागले, आणि दुपारी स्वयंपाकघराचा ओटा उगाच दोनदा पुसायला लागले.

बाय हे बघत असणार. एके दिवशी म्हणाली, चांगली साडी नेस, सातिवलीला जाऊ. मला हायसं वाटलं. म्हटलं, आता ही आपल्या ओळखी कामाला लावणार. रिक्षात बसल्यावर तिनं अट घातली: नोकरी हा शब्द काढायचा नाही. मी निमूट मान हलवली; वाटलं, तो शब्द तिलाच काढायचा असेल.

तिनंही तो काढला नाही. पहिल्यांदा आम्ही प्लास्टिकची झाकणं बनवणाऱ्या एका गृहस्थांकडे गेलो. ते मूळचे साताऱ्याकडचे. त्यांची आई गाव सोडून वसईला यायला तयार नव्हती, त्यावर एवढी चर्चा झाली की चहा दोनदा आला. तिथून एका पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या बाईंकडे, तिथं मुलाच्या लग्नाचा विषय. माझी ओळख बायनं "आमची सून" एवढीच करून दिली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला परतताना माझा तोल गेला. मी म्हटलं, बाय, आपण इथं नोकरीसाठी फिरतोय की पाहुणचार घेत?

ती रागावली नाही. पिशवी मांडीवर नीट घेतली आणि म्हणाली, "आज तू नोकरी मागितलीस, तर तो माणूस दुसऱ्याला तुझ्याबद्दल काय सांगेल? हिला नोकरी पाहिजे, एवढंच. ती तर सगळ्यांनाच पाहिजे."

मला ते पटलं नाही. तरी पुढच्या खेपेला गेले, कारण घरी बसून तरी काय करणार होते? त्या दिवशी झाकणवाल्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यांच्या एका गिऱ्हाइकानं माल परत पाठवला होता. तेलाच्या बाटल्या झाकणापाशी पाझरत होत्या. कोपऱ्यात खोक्यांची चळत लागली होती. बाय त्यांच्या आईची चौकशी करत बसली आणि मी उठून त्या खोक्यांपाशी गेले. कुणी सांगितलं नव्हतं. कित्येक आठवड्यांनी हातात बाटली आली होती, एवढंच खरं. उघडली, लावली, उलटी धरली, पुन्हा उघडली. मला वाटलं, दोष झाकणात नसावा, बाटलीच्या तोंडाचं माप मधेच बदललं असावं. तसं मी त्यांना म्हणाले. त्यांनी खुर्ची ओढली. दुसऱ्या दिवशी मी बायशिवाय एकटीच गेले, आणि त्यानंतरही जात राहिले. जुन्या आणि नव्या बाटल्या शेजारी ठेवून आम्ही मोजमापं घेतली आणि फरक सापडला. त्या दिवसांत नोकरीचा शब्द माझ्याही तोंडात आला नाही. अट म्हणून नव्हे. मी खरंच विसरले होते.

पुढं महिन्याभरात वसईतल्याच एका सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यातून मला बोलावणं आलं. समोरच्या बाईंनी माझी माहिती वाचलीच नाही. म्हणाल्या, झाकणवाल्यांनी सगळं सांगितलंय, ते तर तासभर बोलत होते. पगार पूर्वीपेक्षा कमी होता, पण कारखाना घरापासून रिक्षाच्या अंतरावर होता आणि काम माझं होतं. मी तिथंच हो म्हटलं. बाहेर आले आणि बायला फोन केला. ती म्हणाली, मला काय सांगतेस, आधी झाकणवाल्यांना कळव. मला खात्री होती की तिनं मागून शब्द टाकलाच असणार, म्हणून मी त्यांना स्पष्ट विचारलं. ते गोंधळले. "नाही हो, बाय काहीच बोलल्या नाहीत. मला तर वाटलं होतं, तुम्ही सुट्टीवर आहात. त्या कारखान्याच्या बाईंनी चांगलं माणूस सुचवा म्हटलं, तेव्हा मी भीतभीतच तुमचं नाव दिलं. म्हटलं, चालती नोकरी सोडतील की नाही कोण जाणे."

या गोष्टीला वर्ष झालं असेल. मागच्या महिन्यात आमच्याकडे एक तरुण जेवायला आला. नागपूरचा, औषधं भरायच्या यंत्रांचा विक्रेता. त्या साइटवर बायला जोडलेल्यांपैकी होता आणि मला का जोडलंत या प्रश्नाला त्यानं प्रामाणिक उत्तर दिलं होतं: या कामात मी नवीन आहे, कुणाला ओळखत नाही. बायनं उलट कळवलं होतं, वसईला याल तेव्हा जेवायला या. असं आमंत्रण कुणी खरं धरत नाही, त्यानं धरलं. सकाळपासून बाय कोळंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या करत होती. तो आला, हात धुऊन बसला आणि ताट बघून अगदी हळू आवाजात म्हणाला की मी शाकाहारी आहे. बाय उठली, वाडीत गेली, अळू कापून आणलं. तासाभरानं जेवण झालं आणि त्या तासात त्या मुलाचं सगळं घराणं आम्हाला कळलं.

निघायच्या आधी तो दारापुढच्या ओट्यावर बसला होता. एकदम म्हणाला, मावशी, मघापासून मीच बोलतोय. तुमचं सांगा ना. तुम्हाला हे कुणी शिकवलं, असं माणसांकडे जाणं?

बायला असा प्रश्न कुणी विचारत नसावं. तिनं सांगितलं, अगदी साध्या आवाजात. खरेदीत होते तोवर माझ्या टेबलासमोर रांग असायची, म्हणाली. वाढदिवस लोकांना पाठ होता. नाताळला तर दिवसभर फोन. निवृत्त झाले त्या वर्षीच्या नाताळला फोन वाजलाच नाही. संध्याकाळपर्यंत वाट बघितली. नंतर वाटलं, त्यांची काय चूक? मी तरी त्यांना ऑर्डरीपलीकडे कधी काय विचारलं होतं? म्हणून जानेवारीत केळी घेऊन एकाकडे गेले. देणगी मागायला आलेय समजून त्यांनी मला पुष्कळ वेळ बाहेर बसवून ठेवलं.

"मग?" मुलानं विचारलं.

"मग बसले," बाय म्हणाली आणि त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेली.

तो मुलगा गेला. मी ओट्यावरच बसून राहिले. त्या नाताळला मी याच घरात होते. माझ्या लग्नाला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती, घर पाहुण्यांनी भरलेलं होतं आणि आत करंज्या तळायचं काम माझ्याकडे होतं. कोण कोण आलं, कुणी काय आणलं, धाकटीनं कोणता फ्रॉक घातला होता, सगळं लख्ख आठवतं. त्या संध्याकाळी बाय कुठं बसली होती, ते मात्र कितीही आठवलं तरी डोळ्यांसमोर येत नाही.