चालता सेल मोडायला लावणारे सर

टिळेकर सरांची आणि माझी ओळख खटक्यानेच झाली. संशोधनासाठी मी त्यांच्या प्रयोगशाळेत गेलो, तेव्हा नाशिक रोडच्या सभांत माझी भाषणे गाजत होती. सरांनी विचारले, "बोलता छान म्हणे. पाहता येतं का?" मी चिडलो. त्यांनी शांतपणे एक भिंग माझ्यापुढे सरकवले.

लिथियमच्या सेलमधल्या पेट घेणाऱ्या द्रवाऐवजी भट्टीत भाजलेली सिरॅमिकची कडक चकती घालायची, हे आमचे काम. सेल पुन्हा पुन्हा चार्ज केला की आत लिथियमचे केसासारखे तंतू वाढतात. त्यांना डेंड्राइट म्हणतात. तंतू या टोकाकडून त्या टोकाला पोहोचला की शॉर्ट होतो, सेल तापतो, पेटूही शकतो. कडक चकतीतून तंतू जाणारच नाही, असे मी मानत होतो. मानत होतो कसला, गावभर सांगत सुटलो होतो!

आमच्या सेलवर एक लहानसा लाल दिवा आठवडाभर लागला. बुद्धपौर्णिमेला विहारात तो आईच्या हातात देणार, असे मी कॉलनीत जाहीर करून टाकले. आदल्या दिवशी सेलकडे बोट दाखवून सर म्हणाले, "आता हा मोडा."

"सर, बिघडलेला मोडतात. हा चालतोय!"

"बिघडलेला आपणहून सांगतो हो. चालणाऱ्याला विचारावं लागतं."

"आणि उद्या लोकांना काय सांगू?"

"दिसेल ते."

कोरड्या हवेच्या काचपेटीत हात घालून मी रागारागाने चकती मोडली. भिंगाखाली पांढऱ्या चकतीत काळी रेघ दिसली. बारीक भेगेतून शिरलेला तंतू पलीकडे पोहोचायला केसभर उरला होता. विहारात नेण्याआधी तो सेल मी आणखी एकदा चार्ज करणार होतो. मी चार्जरची तार काढून गुंडाळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सर न बोलावता विहारात आले, सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसले. शेजारचे गांगुर्डे मामा ओरडले, "काय रे, दिवा कुठंय? का भाषणावरच पेटवतो?" हशा पिकला. मी तोंड उघडण्याआधी सर उभे राहिले. "दिवा मी अडवला. चूक आमच्या प्रयोगशाळेची आहे." बंद काचनळीतली ती चकती आणि भिंग त्यांनी सर्वांच्या हाती फिरवले.

आईने बराच वेळ पाहिले. "हे माझ्या हातात देणार होता का तू?"

"हो," मी म्हणालो.

"बरं झालं सर, तुम्ही हाय. याचं तोंड लय जोरात पळतं."

मी आजही व्यासपीठावर गरजतो. पण स्वतःचे सत्य मोडून पाहायला जो भितो, त्याने ते लोकांच्या हातात देऊ नये, हे सरांनी मला शिकवले. तो तंतू अजून कुणाला पुरता रोखता आलेला नाही. म्हणून साठीनंतरही सरांचे डोळे तीक्ष्ण राहोत, प्रकृती ठणठणीत राहो आणि "आता हा मोडा" हे शब्द आम्हाला पुढची कैक वर्षे ऐकायला मिळोत.

साठीनिमित्त होणाऱ्या सत्काराच्या दिवशी सरांना फुले माझी आई देणार आहे. तिचे हात शाबूत आहेत.